अर्धाच धुवायचा गोठा

समोर माणूस आला की लोक आधी त्याचं तोंड बघतात. खुरमावशी पाय बघायची. धाकट्या बहिणीचा नवरा पहिल्यांदा घरी आला तेव्हा सगळं घर त्याच्या गोड बोलण्यावर भाळलं होतं. हिनं बहिणीला आत नेलं आणि म्हणाली, "माणूस बरा दिसतोय, पण डावा बूट बाहेरच्या अंगाला झिजलाय. गुडघा दाखवून घ्यायला सांग." बहीण आठ दिवस बोलली नाही. चार वर्षांनी त्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा दवाखान्यातून पहिला फोन त्यानं हिलाच केला.

यात जादूटोणा काही नव्हता. प्राणिसंग्रहालयाच्या खूर विभागात एकतीस वर्षं काढलेल्या बाईचा डोळा आपोआप खालीच जाणार. खुरांची जनावरं दुखणं तोंडावर दाखवत नाहीत. जो कण्हतो त्याला वाघ आधी उचलतो, हे त्यांच्या रक्तात मुरलेलं असतं. इथे वाघ सहा भिंतींपलीकडे पंख्याखाली घोरत असला तरी. म्हणून बघायचे ते पाय. कोण अंग चोरून टेकवतंय, कोण टाच उचलून धरतंय. सकाळी गोठ्यात शिरताना इतर लोक डोकी मोजत, ही पाय मोजायची. एके काळी मोजायला दोनशे चोवीस पाय होते. शेवटच्या पायापर्यंत यायला पाऊण तास लागायचा, आणि मध्येच कोणी हलला की पुन्हा एकपासून.

आता चार उरले होते.

ते चार पाय विळीचे. पांढऱ्या अंगाचं, तांबूस मानेचं मोठं हरीण. शिंगं मागे वळलेली, अगदी गवत कापायच्या विळ्यासारखी. पाटीवर तिच्या जातीचं लांबलचक नाव होतं, ते कोणी वाचत नसे. सतरा वर्षांची विळी म्हणजे माणसाच्या हिशेबात काठी टेकायला आलेली म्हातारी. तिची जोडीदारीण गेल्या थंडीत गेली आणि तेव्हापासून विळी झोपत नव्हती. म्हणजे डोळा लागायचा, पण उभ्या उभ्या. कळपाचं जनावर आडवं होतं ते दुसरं कोणीतरी जागं आहे या भरवशावर. मावशी रोज सकाळी गोठ्यातलं गवत चाचपून बघायची. ते दबलेलं नसायचं. आणि दिवसभर विळी कुंपणाच्या कडेनं चालायची. या टोकापासून त्या टोकाला, वळायची, परत. कुंपणालगत तिच्या पायांनी एक पन्हळच पडली होती, पाऊस पडला की तीत पाणी साचायचं.

आणि त्या गुरुवारी सकाळी ते चार पाय पेटीत शिरायला तयार नव्हते.

पेटी म्हणजे जनावर हलवायची लाकडी खोली. तीन बाजूंनी भिंती, समोर वरून दोरीनं खाली सोडायचं दार. तीन आठवड्यांपूर्वी ती गोठ्याच्या तोंडाला लावून ठेवली होती. पहिले चार दिवस विळीनं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग मावशीनं लसूणघास आधी पेटीच्या उंबऱ्यावर, मग हातभर आत, मग पार मागच्या भिंतीशी असा रोज थोडाथोडा सरकवत नेला. दहाव्या दिवशी विळी आत उभी राहून खायला लागली. पंधराव्या दिवशी मावशीनं सकाळी पेटीतलं गवत चाचपलं आणि तिचा हात तिथेच थांबला. गवत दबलेलं होतं. तीन बाजूंना भिंती मिळाल्यावर म्हातारी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आडवी झाली होती.

शुक्रवारी नऊला ट्रक येणार होता. दिवसभराच्या प्रवासावर एक मोठं बंदिस्त रान होतं, तिथे याच जातीच्या पाच म्हाताऱ्या माद्या होत्या. शनिवारपासून खुरांच्या जनावरांची सगळी वाहतूक बंद. आजूबाजूच्या गोठ्यांतून लाळ्या-खुरकतीची साथ निघाली होती. बंदी उठायला सहा महिनेही लागतील, वर्षही लागेल. तोवर गोठा राहणार नव्हता. सोमवारी ठेकेदार तो पाडायला घेणार होता.

"शुक्रवारी नाही शिरली तर?" मावशीनं डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं.

डॉक्टरीणबाई वयानं तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण खोटा धीर देणाऱ्यांतल्या नव्हत्या. "मग भुलीची सुई मारून आत घालावी लागेल. सतरा वर्षांचं काळीज आहे मावशी. वाचायची शक्यता मी निम्मी सांगते, आणि तीही तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

"आणि सुई नको म्हटलं तर?"

"तर मागच्या आजारी कोठडीत एकटी. खिडकी नाही, कुंपण नाही. तिथे किती दिवस उभी ठेवायची तिला? मग एक दिवस मलाच दुसरी सुई भरावी लागेल."

मावशी डॉक्टरीणबाईंच्या बुटांकडे बघत राहिली. दोन्ही तळ सारखे झिजलेले होते. सरळ चालणारी बाई.

खूर विभाग एका दिवसात रिकामा झाला नव्हता. झाला असता तर निदान आरडाओरडा तरी करता आला असता. अकरा जाती होत्या. सांबरं म्हातारी होऊन गेली, नवी आणली नाहीत. काळविटांत सगळे एकमेकांचे भाऊ-बहीण निघाले, म्हणून नर वेगळे काढले, आणि मग पाडस जन्माला आलंच नाही. रानबकऱ्यांच्या कड्यावर घसरगुंडी बसली. झेब्रे गेले त्या जागी काचेचं घर झालं. त्यात मुंगसासारखे छोटे प्राणी दोन पायांवर उभे राहून लोकांकडे बघतात, आणि लोक त्यांच्याकडे बघून आपणही तसेच उभे राहतात. जिराफ राहिला, कारण त्याच्याबरोबर फोटो निघतो; पण तो आता खूर विभागात नव्हता, त्याचा विभागच वेगळा झाला. नीलगायींच्या मोकळ्या जागेत तर प्लास्टिकचे डायनासोर उभे केले. कळ दाबली की मान हलवतात आणि ओरडतात. पहिल्या रविवारी तिथे इतकी रांग लागली की दोरखंड बांधावे लागले.

"मेलेल्या जनावराला बघायला रांग," मावशी तेव्हा म्हणाली होती, "आणि जिवंत उभं आहे त्याच्यापुढे थांबायला यांना वेळ नाही."

शेजारच्या पिंजऱ्याचा अस्वलवाला, तिच्याच वयाचा, जिभेनं तिखट. तो म्हणाला, "तुझ्या जनावरांनी पण कळ दाबल्यावर ओरडावं की मग. चोवीस तास नुसती रवंथ. माझं अस्वल बघ, पोट खाजवतं. लोकांना घरचं कोणीतरी आठवतं."

घड्याळ लावूनही झालं होतं. कुठूनतरी एक हुशार बाई आल्या, हातात यंत्र घेऊन आठवडाभर कुंपणापाशी बसल्या. झोपलेल्या वाघापुढे माणूस चार मिनिटं थांबतो. अस्वलापुढे सव्वातीन. विळीपुढे नऊ सेकंद. त्यातही बरेचजण "ही गाय आहे का?" एवढं विचारण्यापुरते.

मावशीला राग संग्रहालयाच्या साहेबांचा यायला हवा होता. पण साहेब सैतान नव्हते, ही मोठीच पंचाईत होती. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि समजावून सांगितलं. "मावशी, इथे दोन, तिथे तीन अशी जनावरं ठेवून आपण काय वाचवतोय? ही काय पोस्टाची तिकिटं आहेत वहीत चिकटवायची? कळपाला कळप लागतो, रान लागतं. आपल्याकडे अंगण आहे. आपण कमी जाती ठेवू, पण धड ठेवू." मावशीनं उत्तर शोधलं. चहा संपेपर्यंत शोधलं. साहेबांचं म्हणणं खरं होतं आणि तिला ते पटतही होतं, आणि तरी तिच्या पायांना ते पटत नव्हतं. त्या दिवसापासून तिला बसवेनासं झालं.

घरी आली की ही चालायची. स्वयंपाकघरातून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. भाजी चिरता चिरता चालायची, फोनवर बोलताना तर जिनाच उतरून जायची. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. खिडकीपाशी टेबल, डोळ्याला भिंग, समोर पोट उघडलेली घड्याळं. तो सकाळी बसला की दुपारी जेवायला उठणार, असा बैठा माणूस. तिच्या फेऱ्यांनी टेबल हलायचं आणि बारीक स्क्रू उड्या मारायचे.

"अगं, बस ना जरा. माझं मिनिटकाट्याचं काम चाललंय."

"बसले की पाय हुळहुळतात हो."

"मग बाहेर जाऊन चाल. इथे तुझ्या पायांनी चर पडेल एक दिवस. खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन विचारेल."

तिची आणखी एक खोड घरात सगळ्यांच्या टिंगलीची झाली होती. ती फरशी अर्धी पुसायची. आज खिडकीकडची, उद्या दाराकडची. पाहुणे येणार असोत की आजारपण असो, पूर्ण घर एका दिवशी कधी पुसलं गेलं नाही. नणंद तर म्हणायची, "वहिनी, तुमच्याकडे यायचं तर कोणत्या अर्ध्यात बसू तेवढं आधी कळवा."

ही खोड गोठ्यातून आली होती. मावशी पंचविशीत तिथे रस्ते झाडायला म्हणून लागली. खूर विभागाचा जुना मुकादम, ज्याला सगळे उस्ताद म्हणत, त्यानं तिचं झाडणं आठ दिवस बघितलं आणि एक दिवस म्हणाला, "तू जनावराच्या अंगावर सावली पडू देत नाहीस. आत ये." त्यानं शिकवलेली पहिली गोष्ट हीच. गोठा रोज अर्धाच धुवायचा. आज डावा, उद्या उजवा. "पूर्ण धुतलास की त्यांचा स्वतःचा वास जातो," तो म्हणाला होता. हा उस्ताद बाईमाणसालाही पुरुषासारखंच हाक मारायचा. "वास गेला की जनावराला वाटतं आपण कोणा दुसऱ्याच्या घरात आलो. दुसऱ्याच्या घरात कोणी आडवं होतं का?" एकतीस वर्षं तिनं तो नियम मोडला नाही. साथीच्या दिवसांतही डावा-उजवा केला. उस्ताद गेला त्या दिवशी ती स्मशानातून परत आली आणि उजवा अर्धा धुतला, कारण तो उजव्याचा दिवस होता.

तर त्या गुरुवारी विळी पेटीपर्यंत आली, उंबऱ्यावर मान लांब केली, नाक फुरफुरवलं आणि पाठ फिरवून निघून गेली.

मावशीनं लसूणघास बदलला. मग सफरचंदाच्या फोडी ठेवल्या. मिठाचं चाटण आणून मागच्या भिंतीला टांगलं. दर वेळी म्हातारी यायची, हुंगायची, पुढचा एक पाय उचलायची आणि जणू निखारा लागल्यासारखा मागे घ्यायची. मग कुंपण. या टोकापासून त्या टोकाला. कुंपणाच्या बाहेरून मावशीही तिच्याबरोबर चालत होती, तिचं तिलाही कळत नव्हतं.

"मावशे," अस्वलवाला बादली घेऊन जाता जाता थांबला, "एक आतून फिरतेय, एक बाहेरून. नक्की कोणाला उद्या ट्रकमध्ये घालायचंय?"

"गप रे तू."

"नाही, पाटी लावून ठेव म्हटलं. घोटाळा व्हायचा." पण दोन पावलं गेल्यावर तो वळला. त्याचा आवाज खाली आला. "काय झालं गं? परवा तर झोपत होती आत."

"परवा झोपत होती. आज शिरत नाही."

"काय बदललं?"

"काही नाही," मावशी म्हणाली. आणि हे म्हणताना तिची नजर स्वतःच्याच बुटांवर गेली.

संध्याकाळी घरी आल्यावर चपला काढायच्या आधीच तिच्या फेऱ्या सुरू झाल्या. नवऱ्यानं भिंग काढलं. आजचं चालणं वेगळं होतं. रोज ती वळताना खिडकीच्या चौकटीला हात लावायची, आज नुसती वळत होती.

"पेटीत काय बदललं ते आठव," तो म्हणाला. त्याचा धंदाच तो. बंद घड्याळ आलं की तो पहिला प्रश्न हाच विचारायचा, शेवटचं चालत होतं तेव्हापासून काय बदललं.

"काही नाही. घास तोच. जागा तीच. बुधवारी फक्त धुतली. त्या रानवाल्यांनी कागद पाठवलाय, पेटी औषधानं धुतलेली पाहिजे. डॉक्टरीणबाईंनी बघून सही केली."

"कशी धुतली?"

"कशी म्हणजे? ब्रशनं. तीन बादल्या औषधाचं पाणी. कोपरे घासले, फटी घासल्या. लाकूड पांढरं पडलं इतकं."

टेबलावरचा एक स्क्रू नवऱ्यानं बोटानं या कडेहून त्या कडेला लोटला. मग म्हणाला, "अख्खी?"

ती थांबली. खोलीच्या मधोमध, खिडकीही नाही आणि दारही नाही अशा जागी.

"या घरात आपण एकोणतीस वर्षं राहतोय," तो म्हणाला. "मी फरशी एकाच दिवशी पूर्ण कोरडी किंवा पूर्ण ओली बघितलेली नाही. माझा भाऊ परदेशातून आला तेव्हा नाही, आपण रंग काढला तेव्हा नाही. आणि बुधवारी तू पेटी अख्खी धुतलीस. सोमवारी अर्धी, मंगळवारी अर्धी धुवायला दिवस होते ना?"

"होते."

"मग?"

"मला सुचलं नाही."

"तुला?" तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच जास्त लागलं.

मावशी भिंतीला टेकून खाली बसली. बऱ्याच दिवसांनी बसली. बुधवारची दुपार तिला दिसायला लागली. ब्रश घासताना तिला किती बरं वाटत होतं. हात आपले आपण चालले होते. एका फटीत विळीचे पांढरे केस अडकले होते, ते तिनं नखानं उपसून काढले होते. दबलेलं गवत काढून ढिगावर टाकताना तिला काय वाटलं होतं? काही वाटलं नव्हतं. तिनं वाटू दिलं नव्हतं.

"मला ती जायला नकोय," ती म्हणाली.

"ते मला ठाऊक आहे."

"ती गेली की मी काय मोजू सकाळी?"

"ते पण ठाऊक आहे. पण मग तसं साहेबांना सांगायचं होतंस. पेटीला कशाला सांगितलंस?"

तिला हसू आलं आणि त्याच हसण्यात डोळे भरले. तो उठून तिच्याशेजारी बसला, गुडघे कुरकुरत. बैठ्या माणसाला खाली बसायची सवय नसते. दोघं काही वेळ फरशीच्या पुसलेल्या अर्ध्यात बसून राहिली. उद्या सकाळी म्हातारी आत गेली नाही, तर सुई. आणि सुईनं दगावली, तर ती भुलीनं नव्हे, आपल्या ब्रशनं दगावली, हे मावशीला आता लख्ख दिसत होतं.

"वास गेलेला परत आणता येतो का?" नवऱ्यानं विचारलं.

"ताजं गवत टाकून येत नाही. आठ दिवस लागतात मुरायला." मग तिनं मान वर केली. "पण मुरलेला कुठेतरी असेल तर..."

आणि ती उठून पुन्हा चालायला लागली. या वेळी वळताना तिचा हात खिडकीच्या चौकटीला लागला.

शुक्रवारी सहाला ती गोठ्यात होती, आणि तिच्या हातात पाना होता. गोठ्याच्या दाराशी आतल्या बाजूला एक जाड फळी ठोकलेली होती, उस्तादाच्याही आधीपासूनची. विळीच्या जातीचं प्रत्येक जनावर आत-बाहेर करताना तिला मान घासायचं. विळीची आई, मावश्या, गेल्या थंडीत गेलेली जोडीदारीण, सगळ्याजणी. घासून घासून लाकूड काळंभोर आणि तुकतुकीत झालं होतं, तेल प्यायल्यासारखं. धुण्यातून ती फळी कायम सुटली होती; डाव्यातही नाही आणि उजव्यातही नाही, बरोबर मधे.

बोल्ट गंजलेले होते. दोन निघाले, तिसरा हलेना. अस्वलवाला आला तेव्हा ती पान्यावर अक्षरशः उभी राहून जोर देत होती.

"ठेकेदार सोमवारी पाडणार म्हणून तू आजपासूनच सुरू केलंस का?"

"बोलू नकोस, जोर लाव."

त्यानं जोर लावला. तिसरा निघाला, चौथा तुटला. दोघांनी फळी उचलून पेटीत नेली आणि आतल्या डाव्या भिंतीला, विळीची मान येते त्या उंचीवर ठोकली. मावशीनं ढिगाकडे जाऊन परवाचं गवत शोधलं. वरचा थर काढल्यावर खाली ते होतं, दबलेलं, लेंड्यांसकट. तेही आणून पसरलं. पांढरीफटक पेटी पुन्हा गोठ्यासारखी दिसायला लागली.

आठ वाजता डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पेटीत डोकावलं. फळी बघितली, गवत बघितलं, मावशीकडे बघितलं.

"हिचीच घाण हिच्याबरोबर जाणार आहे," मावशी म्हणाली. "बाहेरचं काडीभर नाही त्यात."

"मी काही विचारलं का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पेटी धुतल्याची सही मी बुधवारी केलीय. बुधवारी ती धुतलेली होती. आणि तिकडे गेल्यावर महिनाभर वेगळं ठेवून तपासणारच आहेत, तेव्हा कुंपणाच्या जाळीतूनच भेट बाकीच्यांची." मग त्यांनी पिशवीतली सुई फुंकून मारायची नळी काढून आडोशाला, पण हाताशी येईल अशी ठेवली. "साडेनऊपर्यंत मी थांबते. त्याच्यापुढे ऊन चढेल, आणि तापलेल्या जनावराला सुई म्हणजे मग निम्मीही शक्यता नाही."

ट्रक नऊला पाच कमी असताना आला. सगळ्यांना लांब उभं केलं. पेटीच्या वर कप्पीतून आलेली दाराची दोरी मावशीच्या हातात. हे दार सोडणं म्हणजे या कामातली सगळ्यात वाईट घटका. लवकर सोडलं तर दार कमरेवर आदळतं. उशीर झाला तर जनावर मागच्या मागे बाहेर येतं, आणि एकदा भ्यालं की पुन्हा त्या दिवशी पेटीचं तोंड बघत नाही. दुसरी संधी नाही. मावशीनं एकतीस वर्षांत बावन्न दारं सोडली होती. एकदाच चुकली होती, एका सांबराच्या मागच्या पायावर, आणि तो पाय तिला अजून स्वप्नात लंगडताना दिसायचा.

विळी आली. उंबऱ्याशी थांबली. मान लांब केली, फुरफुरली. मग तिचे कान पुढे झाले.

ती फळीकडे बघत होती. नाकपुड्या रुंदावल्या. तिनं फळीचा वास घेतला, एकदा वरून खाली, एकदा खालून वर, कोणाची तरी चिठ्ठी वाचावी तसा. पुढचा डावा पाय आत गेला. मावशीनं मनात म्हटलं, एक. उजवा. दोन. मग बराच वेळ काहीच नाही. म्हातारी अर्धी आत, अर्धी बाहेर उभी राहून मान घासत होती, आणि तिच्या घशातून एक बारीक आवाज येत होता जो मावशीनं गेल्या थंडीनंतर ऐकला नव्हता. मागचा डावा. तीन.

चौथा पाय उंबऱ्यावर अडला. खूर लाकडावर टेकलेलं, पुढे नाही की मागे नाही.

आता जर मावशी जराशी खोकली असती, दोरी इतकीशी करकरली असती, तर म्हातारी बाहेर आली असती. साडेनऊ वाजले असते. कोणी तिला दोष दिला नसता. अस्वलवाल्यानंच उद्या सगळ्यांना सांगितलं असतं, मावशीनं जिवाचं रान केलं बिचारीनं. हा विचार तिच्या मनात आला, पुरता आला, आणि ती श्वास धरून उभी राहिली.

खूर उचललं. आत टेकलं.

चार.

तिनं दोरी सोडली. दार सरकन खाली आलं आणि बसलं, ना आवाज ना धक्का. आतून एकदा लाथ बसली, मग शांतता, आणि मग लाकडावर मान घासल्याचा आवाज.

"मावशी," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "आता सोडा ती."

तिनं खाली बघितलं. दोरीचं मोकळं टोक तिनं मुठीत आवळून धरलं होतं.

ट्रक गेला. दुपारी तिला काही काम नव्हतं. तिनं पाइप जोडला आणि गोठा धुवायला घेतला. सोमवारचं माप घ्यायला आलेला ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "अहो मावशी, पाडायचाय तो. धुताय कशाला?" तिनं उत्तर दिलं नाही. डावा अर्धा धुतला, पाइप गुंडाळून ठेवला आणि घरी गेली.

संध्याकाळी सात वाजल्यापासून ती फोन हातात घेऊन चालत होती. नवऱ्यानं एकही स्क्रू टेबलावर ठेवला नव्हता, सगळे डबीत घालून झाकण लावून बसला होता. सव्वासातला फोन वाजला. तिकडचा राखणदार होता, तिनं त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. आवाजावरून तोही आयुष्यभर उन्हात काम केलेला.

"उतरली हो मावशी. पाणी प्यायली."

"पाय?"

"चारही ठीक. उजवा मागचा जरा जपून टाकतेय."

"तो पहिल्यापासूनच तसा. प्रवासानं नाही झाला."

"बरं. आणि ती फळी कसली आहे हो? आम्ही पेटीतून काढून जाळीला टेकवून ठेवली, तर आमच्या पाचहीजणी पलीकडून तिलाच चिकटल्यात. तुमचीकडे कोणी बघेना आधी. आता बघतायत. परत पाठवायची का फळी?"

मावशी खिडकीपर्यंत गेली आणि वळली. "नको. तुमच्या गोठ्याच्या दाराला ठोका. आतल्या अंगाला, मानेच्या उंचीवर. आणि एक सांगू का? गोठा रोज अर्धाच धुवा. आज डावा, उद्या उजवा."

तो म्हणाला, "आम्ही तसाच धुतो. तुम्हाला कोणी शिकवलं?"

फोन ठेवून ती नवऱ्याशेजारच्या खुर्चीत बसली. त्यानं डबीचं झाकण उघडलं, भिंग डोळ्याला लावलं. एक घड्याळ त्यानं उघडलं, त्यातला एक काटा उचलला, पुसला, परत बसवला. तेवढा वेळ ती बसून होती. मग खुर्ची मागे सरकली.

"आता काय?" त्यानं वर न बघता विचारलं.

"उद्या लवकर जायचंय," ती म्हणाली. "उजवा राहिलाय."